डाव्या पिळाचा दोर

“आजी, तो चष्मा काढून ठेवा. त्या काळात कुठं होता चष्मा?”

हे मला संग्रहालयाची मॅडम म्हणाली. तिशीतली पोर. मनानं चांगली आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी तिला बरंच बोलणार आहे.

मी चष्मा काढला. मग तिनं पिशवीतून एक लुगडं काढलं. हिरवं, नऊवारी, जागोजाग ठिगळं. ठिगळं मशीनवर मारलेली. चौकोनी, एका मापाची, लाल, पिवळी, निळी. बारामतीत नाटकाचे कपडे भाड्यानं मिळतात, तिथून आणलेलं.

“हे नेसा. तुमची साडी फार नवीन दिसते.”

साडी नवीनच होती. नातीनं सकाळी इस्त्री करून दिली होती. उद्घाटनाला बोलावलंय म्हणून नेसले होते.

“आमची आई ठिगळ आतून लावायची,” मी म्हणाले. “दिसू नये म्हणून.”

“किती छान सांगता हो आजी. हेच पाहुण्यांना सांगा.”

माझी जागा तिनं दाखवली. हॉलच्या कोपऱ्यात प्लायवूडची झोपडी केली होती. वर पाचट, बाहेरून मातीचा रंग. पुढं पाटी, ‘दोर वळणारी स्त्री’. मी तिथं खाली बसायचं. वाख, म्हणजे घायपाताचे तंतू, पिळत राहायचं. पाहुणे येतील, फोटो काढतील, पुढं जातील. माझ्या एका बाजूला प्लास्टरचा लांडगा होता, दुसऱ्या बाजूला प्लास्टरचा धनगर. मधे मी. तिघांत जिवंत मी एकटी.

खरं सांगते, मी नेसणार होते ते लुगडं. राग आला नव्हता. म्हातारपणी कुणी गाडी पाठवून बोलावलं, मॅडम ‘तुमची कला मरू द्यायची नाही’ म्हणाली, की माणूस फुगतं. मीही फुगले होते. लुगडं काखेत धरलं आणि बदलायला संडास कुठं आहे ते शोधत निघाले.

आता मी कोण ते सांगते. आम्ही मांग. कागदावर मातंग लिहितात, गावात मांगच म्हणत. आमचं गाव बारामतीहून इंदापूरला जाताना, कालव्याच्या खालच्या अंगाला. दोर वळणं हे आमच्या घरचं काम. बांधावरचं घायपात तोडायचं, पाण्यात कुजत घालायचं, बडवायचं, धुवायचं. त्यातनं पांढरा वाख निघतो. त्या पाण्यानं हात सोलवटतात. गावातल्या प्रत्येक बैलाच्या गळ्यातलं दावं आमच्या हातचं. मी चौथीपर्यंत शिकले. शाळेत दाराशी बसायची. लिहायला मला वेळ लागतो, पण हे लिहितेय ते माझं मी लिहितेय.

संडास शोधताना मी मोठ्या दारापाशी आले. तिथं भिंतीवर काळा दगड बसवलाय. त्यावर सोनेरी अक्षरं. वाचता येईना म्हणून चष्मा पुन्हा घातला. वर लिहिलं होतं, ‘आमची मूल्ये’. खाली, ‘इतिहास सर्वांचा आहे. जे घडले ते जसे घडले तसे सांगणे. प्रत्येक कष्टकरी हाताचा मान राखणे.’

मी दोनदा वाचलं. मला ते आवडलं. दगडावर कोरलंय म्हणजे यांना ते पाळायचं असणार, असं वाटलं.

दगडाच्या समोरच संग्रहालयातली सगळ्यात मोठी मांडणी होती. चिऱ्याचा खोटा आड बांधलेला. वर लाकडी रहाट. त्यावर पितळी पोहरा आणि दोर. मखमली फीत लावून सगळं अडवलेलं.

मी आधी पोहऱ्याकडं बघितलं. मग दोराकडं. मग माझे पाय तिथंच थांबले.

दोराला पीळ असतो. सगळ्या वळणाऱ्यांचा पीळ एकाच बाजूला जातो, कारण पीळ देणारी फिरकी उजव्या हातानं फिरवतात. माझा बाप डावखुरा होता. त्याचा पीळ उलटा पडायचा. शेतकरी कुरकुरायचे, मांगाचं सगळंच उलटं म्हणायचे, पण घ्यायचे, कारण बापाचा दोर तुटायचा नाही. पंचक्रोशीत डाव्या पिळाचा दोर फक्त आमच्या घरचा.

हा दोर डाव्या पिळाचा होता.

पाटी वाचली. ‘विहिरीवरील दोर व पोहरा.’ खाली देणाऱ्या घराण्याचं नाव. त्याखाली, ‘या विहिरीने सर्व गावाची तहान भागवली.’

सर्व गावाची.

मी ती ओळ बोट ठेवून वाचली. दाराशी बसून शिकलेली बाई, म्हटलं चुकत असेन. पुन्हा वाचली. सर्वच लिहिलं होतं.

मी दहा वर्षांची होते. देशाला स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती म्हणतात. आमच्यापर्यंत ते आलं नव्हतं. पिण्याच्या पाण्याची विहीर गावात एकच, मोठ्या मळ्याच्या मालकांची. बाकीचा गाव स्वतः पाणी शेंदायचा. आम्ही घागर घेऊन खालच्या दगडापाशी उभं राहायचं. कुणाला दया आली तर वरून घागरीत ओतायचे. कधी लगेच, कधी उन्हं उतरल्यावर.

त्या विहिरीला दर वर्षी नवा दोर माझा बाप द्यायचा. नेऊन दहा हात लांब जमिनीवर टाकायचा. वरून कुणीतरी यायचं, दोरावर पाणी शिंपडायचं आणि मग उचलायचं. पाणी शिंपडलं की दोर चोख झाला. तो दोर विहिरीत उतरायचा. ज्यानं वळला त्यानं पायरीसुद्धा चढायची नाही.

त्या दिवशी आई तापानं पडली होती. पाणी पाणी करत होती. मी दगडापाशी उभी राहिले. कुणी येईना. दुपारची वेळ, विहिरीवर चिटपाखरू नाही. मी पायऱ्या चढले. दोर धरला. मी वाख लावलेला, बापानं पिळलेला दोर. ओढला. अर्ध्यावर पोहरा आला होता, तेव्हा मालक आले.

ते ओरडले नाहीत. माझ्या हातातला दोर घेतला. पोहरा खाली आदळला. दोराचं ओलं टोक दुहेरी केलं आणि माझ्या पाठीवर मारलं. चार की पाच, आठवत नाही. ओल्या दोराचा आवाज फार होत नाही. आत जातो.

बापाला बोलावलं. बापानं डोक्याचं मुंडासं काढून जमिनीवर ठेवलं.

“चुकलं जी. पोरगी अजाण हाय.”

मी अजाण नव्हते. मला सगळं कळत होतं. मारापेक्षा ते वाक्य जास्त लागलं.

तो दोर बाटला म्हणून जाळला. नवा दोर आठ दिवसांत द्यायचा, तोवर आमच्या वस्तीला पाणी बंद. आठ दिवस आम्ही कालव्याचं गढूळ पाणी प्यालो. आईचा ताप कसा गेला, देव जाणे.

बाप फिरकी फिरवत होता. मी वाख लावत मागं मागं सरकत होते. पाठ ठणकत होती. आई विंचरलेल्या केसांची गुंतवळ भिंतीच्या फटीत ठेवायची, केसांच्या बदल्यात सुया-पिना देणारी आली की तिला द्यायला. त्यातली माझी गुंतवळ मी काढून परकराच्या नेफ्यात खोचली होती. दोराचं जे टोक हातात धरतात, त्या टोकाच्या पेडात मी वाखाबरोबर माझे केस लावले. थोडे थोडे. कुणाला दिसणार नाहीत असे.

पेड झाला की बाप त्यावरून हात फिरवायचा, कुठं गाठ राहिली का बघायला. त्याचा हात टोकाशी आला आणि थांबला. त्यानं दोन बोटांत धरून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता दुसरा मार.

बाप म्हणाला, “गच्च पिळ. बाहेर दिसाय नगं.”

त्यावर तो आयुष्यात पुन्हा एक शब्द बोलला नाही. मीही नाही. दोर दिला. त्यांनी पाणी शिंपडलं. उचलला. मी खालच्या दगडापाशी घागर घेऊन उभी राहायची आणि बघायची. सगळे माझ्या केसांना धरून पाणी शेंदत होते. मालकसुद्धा.

त्या दोराचं वर्ष भरायच्या आत विहिरीवर इंजिन बसलं. दोर त्यांच्या माळ्यावर गेला. पुढं नळ आले, तिथंही रांगेत शेवट आमचा. मग लग्न, पोरं, ऊसतोडणी, साखरफॅक्टरीच्या शेतातलं निंदणं-खुरपणं. दोर मी विसरले होते. तो इथं भेटला. फीत लावून.

मी फीत ओलांडली आणि दोर हातात घेतला.

“आजी, हात लावू नका.” मॅडम धावत आली. आडाच्या कडेला पाटीही होती, ‘वस्तूंना हात लावू नये’. ती वस्तू जपायला म्हणत होती, मला कळत होतं. तरी पाठ ठणकली.

“ह्यो दोर माझ्या बापानं वळलाय. मी वाख लावलाय.”

“अहो आजी, असे दोर सगळीकडे असायचे.”

“असा नव्हता.”

शेजारी नांगराचा दोर मांडला होता. मी तिला म्हणाले, तो धरा आणि उजवीकडं पिळा. तिनं पिळला. आवळला. मग म्हणाले, आता हा पिळा, त्याच बाजूला. तिनं पिळला. पेड सुटे होऊन उघडले. ती बघतच राहिली. इतिहास शिकलेली पोर, पण पीळ कधी बघितला नव्हता.

तेवढ्यात तात्या आले. तात्या म्हणजे संग्रहालयाचे अध्यक्ष. विहिरीच्या मालकांचे नातू. माझ्याच वयाचे. शाळेत ते फळ्यापुढं बसायचे. पाहुण्यांची वाट बघत सगळीकडं फिरून बघत होते.

“काय गं, काय चाललंय?” मला म्हणाले. मॅडमला ते अहो म्हणतात. मला अगं.

“तात्या, ह्यो दोर आमच्या घरचा हाय.”

“असंल की. गावाला तुमीच द्यायचा दोर.” त्यांनी पुढं होऊन दोराचं टोक हातात घेतलं, कौतुकानं. “काय माल हाय बघा मॅडम. आता मिळतो का असा?”

“टोक द्या हिकडं,” मी म्हणाले.

त्यांनी दिलं. मी नखानं पहिला पेड उलगडला. वाख. दुसरा उलगडला. वाख. वाटलं, इतकी वर्षं मीच मनानं रचलं की काय. तिसरा उलगडला. वाख पिवळा पडला होता. त्यात काळे केस. लहान पोरीचे, बारीक.

“हे काय आहे?” मॅडमनं विचारलं.

“केस. माझं.”

मग मी सांगितलं. विहीर, आई, पाठ, मुंडासं, गुंतवळ. इथं लिहिलंय त्यापेक्षा कमी शब्दांत. मॅडमचा चेहरा उतरला. तात्या शांतपणे ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि ज्या हातानं दोर धरला होता तो हात पुसला. एकेक बोट.

त्यांना कळलंही नाही, आपण काय करतोय. मॅडमनं बघितलं. मी बघितलं. मग आम्ही दोघी बघतोय हे त्यांनी बघितलं. रुमाल खिशात गेला.

त्या रुमालापर्यंत मला वाटत होतं, जाऊ दे, नाव लागलं तरी पुरे. रुमाल बघितला आणि ते संपलं.

“पाटी बदला,” मी म्हणाले. “बापाचं नाव टाका. आन ‘सर्व गावाची’ ते काढा. आमाला त्या विहिरीचं पाणी वरनं ओतलं तरच मिळायचं. लिहा तसं.”

“अगं, आता कोण करतं तसं? जुनं उकरून काय मिळणार हाय?”

“जुनं उकरायसाठीच बांधलंय ना हे?”

तात्या हसले. त्यांना हसायला येतं, वेळ निभवायला. “बघू. पाहुणं येऊ द्या. तुजा सत्कार करू. शाल देऊ, नारळ देऊ.”

“शाल नगं. पाटी.”

“हितं शाळंची पोरं येणार. त्यांना चांगलं काय ते दाखवायचं. भांडणं न्हाईत लावायची.”

“मंग दारातला दगूड काढा. त्यावर लिवलंय, जसं घडलं तसं सांगणं. पोरं त्यो दगूड पण वाचतील की.”

मॅडम हळूच म्हणाली, “आजी, इतिहासाला पुरावा लागतो. आपण रीतसर नोंद घेऊ. समितीपुढे ठेवू.”

मी तिला विचारलं, “सर्व गावानं पाणी प्यालं, ह्याला कुठला पुरावा बघितलात? तात्यांनी सांगितलं एवढाच ना? मंग मी पण सांगतीय. तात्या तवा विहिरीच्या वर हुतं, मी खाली. खालनं पण दिसतं.”

तिनं पाटीकडं बघितलं. तिला उत्तर माहीत होतं.

बाहेर गाड्या थांबल्याचा आवाज झाला. तात्या गडबडीनं दाराकडं गेले. जाताना मॅडमला म्हणाले, “हिला कोपऱ्यात बसवा. लुगडं नेसवा लौकर.”

मी लुगडं मॅडमच्या हातात दिलं. नीट घडी करून दिलं, भाड्याचं होतं. प्लायवूडच्या झोपडीपुढून गेले. लांडगा होता, धनगर होता, मधली जागा रिकामी होती. तिकीट देणाऱ्याच्या टेबलामागं एक खुर्ची होती. ती उचलली आणि आडासमोर आणून ठेवली. तिच्यावर बसले. इस्त्रीच्या साडीत, चष्मा लावून.

पाहुणे आले. तात्यांनी आड दाखवला. आजोबांचं नाव घेतलं. सर्व गावाची तहान, हेही म्हणाले. माझ्याकडं न बघता म्हणाले.

“खोटं हाय ते,” मी म्हणाले.

पाहुणे माझ्याकडं वळले. मी उभी राहिले नाही. गुडघे दुखतात. बसूनच सगळं सांगितलं. पाहुण्यांनी दोराकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, “फार मोलाचं आहे” म्हणाले आणि चहाला गेले. तात्या जाताना फक्त एवढंच म्हणाले, “इज्जत घालवलीस गावाची.” मी म्हणाले, “सर्व गावाची न्हाय.”

पंधरा दिवसांनी मॅडम माझ्या घरी आली. खाली चटईवर बसली, पाणी मागून प्याली. समितीचा कागद आणला होता. मी चष्मा लावून वाचला. पाटीत ‘ग्रामीण कारागिरांनी वळलेला दोर’ एवढं घालायला समिती तयार होती. ‘सर्व गावाची’ तसंच राहणार. केसांचा उल्लेख करणं योग्य नाही. कोपऱ्यातल्या प्रात्यक्षिकासाठी मात्र आजींनी दर रविवारी यावं, ही विनंती.

“मी वेगळं लिहून दिलं होतं, आजी. तुमच्या वडिलांचं नाव घालून. पास झालं नाही.”

“तुमी सही केली का ह्यावर?”

तिनं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. केली होती. पोरीला नोकरी करायची आहे, मला कळतं. पण माझ्या बापानंही मुंडासं काढलं होतं, तेही मला कळत होतं, आणि तरी मी ते विसरले नाही. तिची सहीही विसरणार नाही.

मी म्हणाले, “ग्रामीण कारागीर असं कुणाचं नाव नसतं. माझ्या बापाला नाव हुतं. ते तुमी लिवून घेतलंय. ते पाटीवर येईपर्यंत मी झोपडीत बसणार न्हाय. खुर्चीवर बसणार.”

“समिती तुम्हाला आत येऊ देणार नाही, आजी.”

“दारातल्या दगडावर काय लिवलंय?”

तेव्हापासून मी जाते. सकाळची एसटी धरते. तिकीट काढते, फुकट आत जात नाही, म्हणजे कुणाला बाहेर काढता येत नाही. खुर्ची त्यांनी एकदा उचलून नेली, तेव्हा फरशीवर बसले. आता घरून स्टूल नेते. शाळेच्या सहली येतात. पोरं दोर बघतात, पाटी वाचतात. ती वाचून झाली की मी त्यांना विचारते, आता खरं ऐकायचं का? पोरं हो म्हणतात. कुठलंही पोर नाही म्हणालेलं नाही. मी त्यांना पीळ कसा ओळखायचा ते शिकवते. हात लावू नका म्हणून रखवालदार येतो, तेव्हा लांबून दाखवते. उघडलेला तिसरा पेड अजून तसाच आहे. मॅडमनं तो पुन्हा बांधला नाही. तेवढं तिनं केलं.

परवा तात्यांनी निरोप धाडला, किती दिवस चालणार हे?

मी उलट निरोप धाडला. संग्रहालय सोमवारी बंद असतं. बाकीचे सहा दिवस मी आहे.